कोणतं ‘वाट पाहजो’?

नवेगाव बांध
सोमवार, २७ ऑक्टोबर

निशाताई,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. माझी प्रेरणा घरात नाही. शनिवारी दुपारी मोरगावला मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणून निघाली, ती आली नाही. फोन बंद आहे. मैत्रीण म्हणते, माझ्याकडे आलीच नव्हती.

तुझ्याकडे आहे का?

फोनवर विचारलं असतं, पण आईच्या तेरवीपासून तू माझा नंबर बंद करून ठेवलास. आणि आता तर माझा फोनही माझ्याजवळ नाही. माझे भासरे, हेमेंद्रांचे मोठे भाऊ टेकचंदभाऊजी, कालपासून आमच्या ओसरीत खाट टाकून बसले आहेत. “तुया फोनात कोनाकोनाचे नंबर हायेत थे पाहू दे,” म्हणाले आणि खिशात टाकून घेतला. पोलिसांत जायचं मी म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच पोरीला पळवून लावली. “तक्रार केली का देवरीवाल्याले उद्याच माहीत पडते.”

देवरीवाले म्हणजे हिमांशूच्या घरचे. प्रेरणाचं त्याच्याशी जमवलं आहे, पाच नोव्हेंबरला साक्षगंध. मुलगा वाईट नाही, हायवेवर दुकान आहे, एकदा आला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः उचललं. पण पोरीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला आहे, ताई. चार तारखेपर्यंत मूळ कागद दाखवले तर जागा तिची, नाही तर यादीतल्या खालच्याची. ती नाचत आली होती घरात. हेमेंद्र बाप ना तिचे, म्हणाले, “आधी साक्षगंध. मंग थे लोकं शिकवतीन तं शिकवतीन.” आणि तिची सगळी फाइल आपल्या लोखंडी पेटीत टाकली. किल्ली त्यांच्या करदोड्याला असते. मी काय बोलले ते नंतर कधी सांगेन.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी संध्याकाळी प्रेरणाने मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं. आम्हा घरच्यांपासून लपवलेलं. शेजारच्या सुशिलाबाईला दिसलं. काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरांत ‘वाट पाहजो’, आणि खाली गाणं चालू असल्याची रेघ. पण सुशिलाबाईचा फोन धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीतल्या चिखलात पडला, तेव्हापासून त्यातून आवाज येत नाही. तिने वाचलं. ऐकलं नाही. रविवारी रात्री आम्हाला सांगितलं, तोवर ते स्टेटस पुसलं गेलेलं.

“गानं होतं जी, पन कोनतं होतं थे मी कशी सांगू?” म्हणते.

आता तूच सांग, आपल्या भागात ‘वाट पाहजो’ नावाची गाणी किती. निघणारा माणूस मागच्याला हेच म्हणतो, म्हणून जो उठतो तो ह्याच दोन शब्दांवर गाणं करतो. तुझ्या कंपनीच्या नाटकातलं एक, स्टेशनवरच्या नायिकेचं, जे तू गेली कितीतरी वर्षं गातेस. ते असेल तर पोरगी नाटकात गेली, असं भाऊजी म्हणतात. आणि तुझं नाव घेऊन थुंकतात, ते मी लिहीत नाही. दुसरं वरातीत वाजवणाऱ्या धुमालवाल्यांचं, ज्यात शब्द दोनच आहेत आणि बाकी सगळी धडधड. इथल्या धुमालमध्ये कॅसिओ वाजवणारा पीयूष प्रेरणाच्या वर्गात होता. ते असेल तर पोरगी त्याच्यासोबत गेली, असं हेमेंद्रांच्या डोक्यात बसलं आहे. पीयूष मात्र घरीच आहे, कालच मी त्याला पिठाच्या चक्कीवर पाहिलं. हेमेंद्र म्हणतात, “थो तं लपवून राहिला.”

तिसरं भजन. चौघांच्या खांद्यावर निघालो, देवा वाट पाहजो. आपल्या गावात ते कधी म्हणतात, तुला माहीत आहे.

मी दिवसभर काम करते आणि माझ्या डोक्यात फक्त तेच वाजत राहतं. आपल्या लोकांनी हे तलाव बांधले म्हणून आपण मिरवतो, आणि आज मी तलावाच्या पाळीकडे तोंड करून भांडी घासू शकत नाही.

चौथं आईचं. रोवण्याचं. परगावी रोवण्याला निघालेली बाई पाळीवरच्या मोहाच्या झाडाला सांगते ते.

पाळीवरच्या मोहा, वाट पाहजो
धान लोंबीत आला का मी येईन

ते मात्र मोबाइलवर कुठं मिळायचं? ते आईसोबत गेलं. प्रेरणा लहान असताना बांधावर बसून म्हणायची, आणि ‘मोहा’च्या जागी ‘माई’ म्हणायची. मला माई म्हणते ना, तिला वाटायचं गाणं माझंच आहे. सगळ्या रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून हसायच्या. हेमेंद्र मुद्दाम तिला पुन्हा म्हणायला लावायचे. तू तेव्हा इथं नव्हतीस.

कोणतं गाणं होतं, ताई? तू गाण्यांतली आहेस. एखादी वीस वर्षांची पोरगी घरातून निघताना कोणतं ‘वाट पाहजो’ लावते?

पाकीट ओमेशच्या हातात देते. तुमच्या कंपनीचा माइकवाला तो, दिवाळीला घरी आला होता, आज परत निघतो आहे. आईच्या श्राद्धाचं आहे असं सांगितलं आहे. वाचून चुलीत टाक.

पुष्पा


बुधवार, २९ ऑक्टोबर

निशाताई,

ओमेश आज मंडईच्या जत्रेचा मांडव पाहायला आला आहे, हेही पाकीट तोच नेईल. म्हणाला, “देलं बाप्पा, बाईनं वाचलं.” मी विचारलं, काही म्हणाली का? “काही नाई. वाचलं आन् चुलीत टाकलं.”

म्हणजे तू माझं ऐकलंस. चुलीत टाक म्हटलं ते ऐकलंस. त्यातून मला काय समजायचं ते मी सकाळपासून समजून पाहते आहे.

काल भाऊजींनी रामलालला बोलावलं. रामलाल डोंग्यावर मासे धरतो, पण तलावात कुणी गेलं की त्यालाच बोलावतात. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. “वहिनी, मले तं काही नाई वाटत. पन भाऊ म्हणते तं जाळं फिरवतो.” संध्याकाळी पाळीजवळच्या खोल पाण्यात फिरवलं. मी घरात होते. जाळं ओढताना पुरुष जी आरोळी देतात ती ऐकू येत होती. प्रत्येक आरोळीनंतर थोडा वेळ काहीच नसे. तेवढ्या वेळात मी मेले आणि परत जिवंत झाले, एवढंच सांगते. काही निघालं नाही. उद्या पलीकडच्या बाजूला टाकणार, पाणी मोठं आहे. जाळं रात्रीसाठी तिथेच खुंट्यांना बांधून ठेवलं आहे.

आणि पीयूषचं. हेमेंद्र आणि भाऊजी त्याच्या घरी जाऊन आले. त्याची आई दारात आडवी उभी राहिली म्हणून वाचला. हेमेंद्रांनी त्याला धरून विचारलं, “कोनतं गानं लावलं होतं तिनं? सांग.” तो म्हणाला, “काका, मले तं तिचं स्टेटसच दिसत नाही, तिनं मले कवाचंच ब्लॉक केलं.” भाऊजींना ते हुशारीचं उत्तर वाटलं. शनिवारपर्यंत पोरगी आणून दे, नाही तर हात मोडतो, असं सांगून आले. कॅसिओ वाजवतो ना, म्हणून हात.

भाऊजी बोलतात तसं करतात. मागे बांधाच्या भांडणात काय झालं ते तू ऐकलं असशील.

मला कळत नाही असं नाही की तू का गप्प आहेस. तुझ्याकडे असेल, तर लिहून कळवलंस की संपलं. आमच्या घरी येणारा कागद आधी ओसरीत वाचला जातो. ओमेशजवळ सांगितलंस तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, मोरगावच्या स्टँडवर उतरायच्या आत गावात पोचेल. मग हे दोघे जीप घेऊन निघतील, आणि पाच तारखेला ती पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली असेल.

आणि तुझ्याकडे नसेल, तर मला कळायलाच हवं. तो दुसरा विचार मी एकटीने धरून ठेवू शकत नाही.

म्हणून मी असं ठरवलं आहे. शुक्रवारी इथं मंडई आहे, नाटक तुमच्याच कंपनीचं. दुपारी तिकीट विक्रीच्या मंडपात तू माइकवर गातेस, दरवर्षी मी घरातून ऐकते. लोक ‘वाट पाहजो’ मागणारच. तू नेहमीसारखं नाव सांग, ‘वाट पाहजो’. मग, प्रेरणा तुझ्याकडे असेल तर आईचं गा. नसेल तर स्टेशनवालं, नेहमीचं. नाव एकच आहे, कुणाला काही वाटणार नाही. लोकांना वाटेल बाई चुकली. ते आईचं गाणं आता तुझ्या-माझ्याशिवाय कोण ओळखतं?

मी येईन. भाऊजींना म्हणेन, लोकांनी काही विचारू नये म्हणून चार माणसांत दिसायला हवं. ते पटेल त्यांना.

आपल्यात जे झालं ते झालं. आईला शेवटचं पाणी पाजायला तू पोचली नाहीस म्हणून मी जे बोलले, आणि मग तू जे बोललीस, ते दोन्ही जिथं आहे तिथं असू दे. हे फक्त पोरीसाठी.

पुष्पा


शनिवार, १ नोव्हेंबर

ताई,

तू स्टेजवर होतीस, तुला खालचं काही दिसलं नसेल. म्हणून सांगते.

आम्ही बांगड्यांच्या दुकानापाशी उभे होतो, मी, हेमेंद्र आणि भाऊजी. ऊन होतं. भाऊजी तुला बघायलाही तयार नव्हते, पाठ करून उभे होते. एकीकडे दंडारीच्या नाचाचा ढोल, दुसरीकडे पाळण्यांचा भोंगा, आणि मला फक्त तुमच्या मंडपाचा कर्णा ऐकायचा होता. तुझी दोन गाणी झाली. मी हातात बांगडी घालून काढत होते, दुकानवाली वैतागली. “घ्या नाई तं ठेवा, बाई.”

मग पोरं ओरडायला लागली. वाट पाहजो, वाट पाहजो. माइकवर तू म्हणालीस, “बरं, आता वाट पाहजो.” शिट्ट्या पडल्या. ओमेशने माइक नीट केला, तो किंचाळला. ताई, तू एवढा वेळ का थांबलीस? मला वाटलं तू विसरलीस. मला वाटलं पेटीवर स्टेशनवाल्याचाच सूर धरलाय.

मग पेटीशिवायच सुरू केलंस. आईच्या पट्टीत. पहिल्या शब्दाला मी दुकानाची लाकडी बल्ली धरली.

“ओ बाई, हे नाई, टेशनवालं!” मागून कुणी तरी बोललं. “रोवना झाला, आता कापनी चालू हाये!” लोक हसले. भाऊजी वळले आणि हेमेंद्रांना म्हणाले, “तुया साळीचा गळा गेला वाटते. गानंच विसरली.” तू थांबली नाहीस.

तू गायलीस ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. तू ‘मोहा’ म्हटलं नाहीस. ‘माई’ म्हटलंस. पाळीवरच्या माई, वाट पाहजो. दोन्ही वेळा.

ती चूक तू कधी ऐकलीच नव्हतीस. मी पत्रात लिहिली होती हे खरं, पण मी काही तिचा सूर लिहिला नव्हता. ‘माई’तला ‘ई’ ती पोर लांबवायची, जणू पाळीपर्यंत हाक मारते आहे. तू तसाच लांबवलास. ते तिनेच तुला म्हणून दाखवलं असणार. म्हणजे शनिवारी स्टेटसवरही तेच होतं. तिने स्वतः म्हटलेलं. सुशिलाबाईच्या फोनमधून आवाज आला असता, तर आमचा हा आठवडा असा गेला नसता.

मी रडले नाही. तशी वेळच नव्हती. बांगड्या घेतल्या, हिरव्या.

पण आता दुसरंच ओझं आलं आहे. आज शनिवार. पीयूषला दिलेली मुदत आज. मी गप्प राहिले तर त्या पोराचा हात जाईल, आणि बोलले तर पोरगी जाईल. सकाळपासून मी ह्या दोन गोष्टींच्या मधे उभी आहे. भाऊजींनी जेवण करून निघू असं सांगितलं आहे. भात शिजतो आहे. मी ठरवलं आहे की ते उठले की दारात उभी राहायचं, पीयूषच्या आईसारखं, आणि म्हणायचं, पोरगी जिवंत आहे, ह्या पोराचा संबंध नाही, कुठं आहे ते मी सांगणार नाही. नंतर जे होईल ते होईल. माझा हात कॅसिओ वाजवत नाही.

पण कागद? चार तारखेला मंगळवार येतो. किल्ली त्यांच्या कमरेला.

हे पत्र कधी पाठवेन ते माहीत नाही. भात झाला.


रविवार, २ नोव्हेंबर

ताई,

कालचं पत्र पुढे लिहिते, एकाच पाकिटात जाईल.

जेवण झालं. भाऊजींनी हात धुतले आणि ओसरीतून हाक मारली, “चाल रे हेमेंद्र.” मी दाराकडे निघाले. त्याआधीच हेमेंद्र म्हणाले, “दादा, तुमी बसा. मी आधी पाळीवर जाऊन येतो.”

“पाळीवर कायले?”

“रामलालले सांगाचं हाये. जाळं काढ म्हणून.”

भाऊजी म्हणाले, “पलीकडची अर्धी बाजू राहिली ना अजून.”

“राहू द्या. काही नाई तिथं.”

एवढंच. गमछा खांद्यावर टाकला आणि गेले. मी दारातच उभी राहिले, म्हणायचं ते तोंडात तसंच. भाऊजी माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. त्यांना काही उमगलं नाही. मला उमगत होतं आणि विश्वास बसत नव्हता.

ताई, आपण दोघीच ओळखतो म्हणून मी ते गाणं निवडलं. आईच्या शेतात जावई म्हणून पहिल्या वर्षी रोवण्याला आलेला माणूस, आईमागे धानाच्या रोपांचे पऱ्हे वाहत होता, तो मी धरलाच नाही. आणि पोरीला पुन्हा पुन्हा ‘माई’ म्हणायला लावणारा तर तोच होता. मी स्वतः तुला लिहिलं आणि तरी विसरले. मंडईत भाऊजी ‘गानं विसरली’ म्हणाले, तेव्हा हेमेंद्र काही बोलले नव्हते. मला वाटलं ऐकलंच नाही. ते माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होते.

पाळीवरून उशिरा आले. भाऊजींना म्हणाले, “पोराचं काही नाई. मीच पीयूषच्या घरून येऊन राहिलो. तुमी घरी जा दादा, वहिनी वाट पाहत असंन.” भाऊजी बरंच बोलले. नाक, खानदान, देवरी. हेमेंद्र खाली बघून ऐकत राहिले. शेवटी भाऊजींनी खाट उचलली आणि माझा फोन देवळीत आपटून गेले.

आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. काय बोलायचं? मी विचारलं असतं तर त्यांना माझ्याकडून ऐकावं लागलं असतं की मला आधी कळलं, आणि त्यांनी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं कुठं. दोघंही त्या बाजूला गेलो नाही. आज सकाळी त्यांनी देवरीला फोन लावला. ओसरीत, मला ऐकू येईल असा. “पाच तारीख जमत नाही जी आमाले. नाही, पोरीची तब्येत बरी हाये. शिकून राहिली थे.”

मी आत तुझ्यासाठी नव्या तांदळाचं गाठोडं बांधत होते. खरं म्हणजे पोतं. मंडईला बहीण गावात येऊन गेली आणि रिकाम्या हाताने गेली, हे बरं दिसत नाही, असं मोठ्याने म्हणत होते, मुद्दाम. ओमेश दुपारी कंपनीचं सामान घेऊन निघणार होता. पोत्याचं तोंड दाभणाने शिवून टाकलं.

हेमेंद्र दारात आले. “शिवलं?”

“शिवलं.”

“उसव.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. करदोड्याची किल्ली हातात होती, दुसऱ्या हातात प्रेरणाची फाइल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून सुतळी बांधलेली. मी टाके उसवले. त्यांनी बाही वर केली आणि फाइल तांदळात खोल ढकलली, धान साठवताना मधे कडुलिंबाचा पाला घालतात तशी. मग स्वतःच दाभण मागून घेतलं. पुरुषाचे टाके ते, लांब लांब पडले, तुला उघडायला सोपं जाईल.

दाभण परत देताना म्हणाले, “तुया बहिनीले लिहिजो. नवा तांदूळ हाये, पानी कमी टाकजो म्हणावं.”

ते मी लिहिलं.

ताई, मंगळवारी तिच्यासोबत तूच जा. रांगेत तिला भूक लागते आणि ती सांगत नाही. फोन आता माझ्याजवळ आहे. तू नंबर उघडायचा की नाही ते तुझं तू ठरव, मी घाई करत नाही. पण धान लोंबीत येऊन गेला, कापणी चालू आहे, आणि घरी भात रोज एका माणसाचा जास्त होतो, एवढं तिला सांग.

आणि तिने जे म्हटलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. तेही सांग.

पाहून राहिली म्हणावं. माई वाट पाहून राहिली. आन् बाबा बी.

तुझी,
पुष्पा